साडेपाचशे किलोमीटरवर उपग्रह टिकवताना : प्रकल्प नोंदी

उंची ५५० किलोमीटर, सूर्यसमकालिक ध्रुवीय कक्षा, विषुववृत्त ओलांडायची स्थानिक वेळ सकाळी साडेदहा, जमिनीकडे बघणारा एक कॅमेरा, इंजिन नाही. असा आमचा छोटा उपग्रह. अपेक्षित आयुष्य पाच वर्षं. एवढे लहान उपग्रह बहुधा वर्ष-दोन वर्षांच्या हिशेबाने बांधले जातात. पाच वर्षांसाठी वेगळं काय करावं लागलं, ते असाच उपग्रह बांधायला घेणाऱ्यांसाठी तारखेनिशी लिहून ठेवतोय. सुरळीत झालेली कामं गाळली आहेत. जिथे अडलं तिथे जास्त लिहिलंय.

१४ फेब्रुवारी २०२२

आजची बैठक स्टारलिंकच्या बातमीवरच गेली. ३ फेब्रुवारीला सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी जवळपास ४० हातचे गेले. कक्षेचा खालचा बिंदू जेमतेम २१० किलोमीटरवर होता, त्यात भूचुंबकीय वादळ आलं. वादळ तसं मोठं नव्हतं, पण वरचं वातावरण तापून फुगलं, हवेचा अवरोध आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला आणि उपग्रहांना वर चढता आलं नाही.

आम्ही बरेच उंच असणार, तरी सौरचक्र (सूर्याच्या सक्रियतेचा सुमारे अकरा वर्षांचा चढउतार) वर चढत असतानाच आमचं उड्डाण आहे. स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक जुलै १९७९ मध्ये ठरल्यापेक्षा लवकर खाली आलं तेही सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त सक्रिय झाल्यामुळेच. इंजिन बसवायला जागाही नाही आणि वजनाची मुभाही नाही. तेव्हा ठरलं असं : सौर पंखे (वीज देणाऱ्या सौर पट्ट्या) वाऱ्याला, म्हणजे समोरच्या विरळ हवेला, कड करून उडण्याची एक वेगळी स्थिती सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून ठेवायची. त्या स्थितीत वीज कमी मिळते, त्यामुळे बॅटरीच्या हिशेबात तिची सोय आत्ताच करायची. ही सोय उड्डाणानंतर करता येत नाही.

२८ एप्रिल २०२२

साहित्याची यादी ऑक्सिजनच्या नजरेने पुन्हा तपासली. या उंचीवर अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू झालेले असतात आणि आपण त्यांच्यावर सेकंदाला साडेसात किलोमीटरने जाऊन आदळतो. प्रत्येक धडकेची ऊर्जा सुमारे ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे पॉलिमरचे बंध तोडायला पुरेशी.

हिशेब सोपा आहे, प्रत्येकाने करून बघावा. उघड्या कॅप्टॉनचा (आच्छादनाची पॉलिमरची फिल्म) झिजण्याचा दर दर अणूमागे ३ भागिले १० चा २४वा घात घनसेंटीमीटर. चौरस सेंटीमीटरवर १० चा २१वा घात इतके अणू आदळले की ३० मायक्रॉन जाडी गेली. आमच्या उष्णतारोधक आच्छादनाचा बाहेरचा थर २५ मायक्रॉनचा. पुढच्या, म्हणजे उड्डाणाच्या दिशेकडच्या बाजूवर पाच वर्षांत पडणारा मारा याच घरात येतो, म्हणजे उघडं कॅप्टॉन चालणार नाही. वर ऑक्साइडचा लेप असलेली फिल्म घेतली. सौर पट्ट्यांमधल्या चांदीच्या जोडण्याही झाकायला लावल्या, कारण चांदीचं ऑक्साइड होऊन ते पापुद्र्यांनी सुटतं आणि खाली नवी चांदी उघडी पडते.

लेप दिलेल्या फिल्मने मात्र आमचे बरेच दिवस घेतले. शिवलेलं आच्छादन पेटीवर चढवून उतरवलं आणि कोपरे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर घडीच्या रेषेवर लेपाला केसासारख्या भेगा, एकीला समांतर दुसरी, अगदी आखल्यासारख्या. भेग कितीही बारीक असो, ऑक्सिजन तिच्यातून आत शिरतो आणि लेपाखालचं कॅप्टॉन आडवं पोखरतो. वरून लेप शाबूत दिसतो आणि खाली पोकळी. पहिलं आच्छादन टाकून दिलं. दुसऱ्यात घड्या मागच्या बाजूला नेल्या आणि पुढच्या कोपऱ्यांना वेगळी टोपणं शिवली.

त्याच कारणासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीची हवा जाण्याची भोकंही मागच्या बाजूला काढली, म्हणजे ऑक्सिजन पेटीत शिरणार नाही.

१९ ऑगस्ट २०२२

निर्वात कक्षात भाजणी, म्हणजे भाग तापवून त्यांतून निघणारी वाफ उड्डाणाआधीच काढून टाकणं. यादीतला प्रत्येक पदार्थ नेहमीच्या चाचणीत उत्तीर्ण होता : १२५ अंशांवर २४ तास ठेवून वस्तुमानातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत. तरीही कक्षात जमणारा थर मोजणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर थर जमायचा थांबेना. एकेक भाग बाहेर काढून बघितल्यावर सापडली ती तारांवर ओळखीसाठी लावलेली लेबलं. लेबलाचा कागद यादीत होता, मागचा डिंक नव्हता. सगळी लेबलं सोलली, डाग पुसले, पुन्हा भाजणी. संपूर्ण प्रकल्पात अंदाजाबाहेर झालेला सर्वात मोठा खर्च कक्षाच्या या वाढीव भाड्याचा आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, असं विचारणाऱ्यांना एलडीईएफचे (अवकाशात साहित्य कसं टिकतं ते बघायला नासाने सोडलेला उपग्रह) फोटो दाखवावेत. एप्रिल १९८४ मध्ये कक्षेत ठेवलेला तो सांगाडा साधारण वर्षभराने परत आणायचा होता, आणला गेला जानेवारी १९९० मध्ये. हवा जाण्याच्या फटींजवळ त्याच्यावर तपकिरी डाग होते. आतून निघालेली वाफ बाहेर बसते आणि अतिनील किरणांनी तिथेच पक्की होते. थर नुसता जमला असता तर ऊन पडल्यावर उडूनही गेला असता. किरणांनी शिजल्यावर तो उडत नाही.

७ नोव्हेंबर २०२२

विद्युतभार. ध्रुवीय कक्षेत अरोराच्या (ध्रुवीय प्रकाशाच्या) पट्ट्यातून जाताना इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, त्यामुळे धातूचा कुठलाही तुकडा तरंगता ठेवायचा नाही. मल्टिमीटर घेऊन सगळा सांगाडा तपासला. थर्मिस्टरची (तापमान मोजणारा संवेदक) एक पट्टी आणि आच्छादनाचा एक आतला थर विद्युत ग्राउंडशी, म्हणजे सांगाड्याशी, जोडलेले नव्हते. जोडले. बाकी ठीक.

१६ जानेवारी २०२३

आज वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर मागच्या बाजूला आहे. त्याला सिलिकेटवर आधारलेला पांढरा रंग दिलाय. एलडीईएफवर या जातीचा रंग चांगला टिकला होता. पॉलियुरेथेनचा पांढरा रंग मात्र मागच्या बाजूला उन्हाने तपकिरी झाला, आणि पुढच्या बाजूला तोच रंग पांढराच राहिला, कारण काळवंडलेला वरचा थर ऑक्सिजन खरवडून नेत होता.

माझा आग्रह होता की रेडिएटरशेजारी दोन छोट्या चकत्या बसवाव्यात, शरीरापासून उष्णतेने तोडलेल्या, प्रत्येकीमागे एक थर्मिस्टर. एकीवर तोच पांढरा रंग, दुसरीवर मागून चांदी दिलेला क्वार्ट्झचा आरसा, जो स्वतः फारसा म्हातारा होत नाही. पुढे तापमान वाढलं तर नेमकं काय बिघडलं ते या दोघींच्या फरकावरून कळेल. थर्मल विभागाच्या सहकाऱ्याचं म्हणणं : ‘‘वजन नाही, वाहिन्या नाहीत, आणि कळून तरी तुम्ही वर जाऊन काय करणार?’’ शेवटी दाब मोजणाऱ्या एका संवेदकाच्या दोन वाहिन्या सोडवून त्या चकत्यांना दिल्या. उपग्रह कशाने म्हातारा होतोय हे कळलं नाही तर सगळे उपाय अंदाजाने करावे लागतात, म्हणून मी अडून बसलो.

२२ जून २०२३

उपग्रह कक्षेत, तब्येत चांगली. या काळात एक कंटाळवाणं पण फार गरजेचं काम केलं : नव्या स्थितीचं मूळ माप. प्रत्येक चिपचा विद्युतप्रवाह, प्रत्येक थर्मिस्टर, सौर पट्ट्यांचा प्रवाह, उपग्रहाला वळवणाऱ्या चाकांचं घर्षण, हे सगळं कॅमेरा बंद असताना, चालू असताना, उन्हात, सावलीत असं वेगवेगळं नोंदवलं. दिवसाला पंधरा फेऱ्या, म्हणजे पंधरा वेळा तापणं आणि पंधरा वेळा निवणं. पाच वर्षांत अशी सत्तावीस हजारांवर आवर्तनं होतात. त्यांचा परिणाम एका दिवसाच्या आलेखात कधीच दिसत नाही. पहिल्या महिन्यांचं माप हाती नसेल तर तो नंतरही दिसत नाही.

९ ऑक्टोबर २०२३

कॅमेऱ्याचा नियंत्रक अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होतोय. प्रत्येक वेळची जागा नकाशावर टाकली. बरेच ठिपके ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकवर, काही ध्रुवांजवळ, बाकी जग जवळपास मोकळं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नाही, त्यामुळे तिथे पृथ्वीभोवतीचा विद्युतभारित कणांचा पट्टा, व्हॅन ॲलनचा आतला पट्टा, खाली झुकलेला आहे. हबलची उपकरणंही तिथून जाताना मोजमाप थांबवतात.

स्मृतीत एक बिट उलटलं तर दुरुस्ती संकेत ते सुधारतो, त्याच शब्दात दोन उलटली तर फक्त चूक ओळखतो. म्हणून एका बिटाची चूक दुसरं बिट उलटायच्या आत पुसायची असते. आमची पुसणी फक्त वापरातल्या भागावर फिरत होती. क्वचित वाचल्या जाणाऱ्या तक्त्यांना महिनोन्‌महिने कोणी हात लावत नव्हतं आणि तिथे चुका साठत गेल्या. तक्ता वाचायची वेळ आली की दोन बिटांची चूक, आणि नियंत्रक पुन्हा सुरू.

उपाय तीन. पुसणी आता संपूर्ण स्मृतीवर फिरते. त्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर लगेच एक जादा फेरी होते. आणि पट्ट्यात असताना फ्लॅश स्मृतीवर काहीही लिहायचं नाही, कारण लिहिताना चिपच्या आत जास्त व्होल्टेज तयार होतं आणि नेमक्या त्या क्षणी ती सर्वात नाजूक असते. नवं सॉफ्टवेअर चढवण्याचं वेळापत्रकही त्यानुसार बदललं. त्यानंतर ठिपके अगदी तुरळक झाले.

१३ मे २०२४

तीन दिवस कोणी धड झोपलेलं नाही. १० तारखेला ३६६४ क्रमांकाच्या सौरडागांतून एकामागोमाग निघालेले झोत येऊन पोचले. ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं सर्वोच्च श्रेणीचं भूचुंबकीय वादळ. वादळाची तीव्रता सांगणारा डीएसटी निर्देशांक उणे चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास गेला.

उपग्रहाला इजा नाही. गोंधळ झाला तो त्याला शोधण्यात. ठरलेल्या वेळी ॲंटेना फिरवली तर सिग्नल कडेला, आणि येतोय ठरल्यापेक्षा आधी. कारण सरळ आहे : सरासरी कक्षा १०० मीटर खाली आली की प्रत्येक फेरी सेकंदाच्या आठव्या हिश्शाने छोटी होते. पंधरा फेऱ्यांत पावणेदोन-दोन सेकंद, म्हणजे उपग्रह अंदाजापेक्षा १४ किलोमीटर पुढे. आणि ही चूक रोज नुसती मिळवली जात नाही, वाढत्या दराने वाढते. सगळ्यांचेच उपग्रह एकदम सरकल्यामुळे बाहेरून मिळणारे कक्षेचे आकडे मागे पडले होते.

शनिवारी सकाळी पंखे कड करून उडायची स्थिती पहिल्यांदा खऱ्या कामासाठी वापरली. कॅमेरा बंद, हीटर कमीत कमी. बॅटरीने साथ दिली. उपग्रहावरच्या जीपीएसचे आकडे प्रत्येक संपर्कात आधी उतरवून घेतले आणि कक्षा स्वतः काढली. यापुढे वादळाचा इशारा आला की हाच क्रम : आधी जीपीएस, मग तब्येत, छायाचित्रं सगळ्यात शेवटी.

२६ ऑगस्ट २०२४

कॅमेरा नियंत्रक पुन्हा बंद पडतोय, पण या वेळी नकाशावर ठिपके कुठेही. दक्षिण अटलांटिकशी संबंध दिसत नाही. सुरक्षा सर्किटची नोंद म्हणते की प्रवाह मर्यादेपलीकडे गेला.

ही मर्यादा लॅच-अपसाठी आहे. एखाद्या कणामुळे चिपच्या आत भलताच मार्ग उघडतो, प्रवाह उसळतो, आणि वीज लगेच तोडली नाही तर चिप जळते. लॅच-अपमध्ये प्रवाह एकदम उडी मारतो. इथे उडी नव्हतीच. मूळ मापावर आजचा आलेख ठेवला तेव्हा उलगडा झाला : विश्रांतीतला प्रवाह सव्वा वर्षात हळूहळू चढत गेलाय, इतका सावकाश की रोजच्या टेलिमेट्रीत (उपग्रहाकडून येणारी मोजमापं) कोणालाच दिसला नाही. साठत चाललेल्या रेडिएशनने चिपमधली गळती वाढवली आहे. त्यावर कॅमेऱ्याचं काम आणि उन्हातलं तापमान चढलं की प्रवाह मर्यादेला टेकतो आणि सुरक्षा सर्किट निरोगी चिपची वीज तोडतं.

मर्यादा सरसकट वाढवायला मी तयार नव्हतो, कारण मग छोटं लॅच-अप तिच्या खालून निसटेल आणि चिपला शिजवत राहील. त्याऐवजी मर्यादा दर महिन्याला विश्रांतीच्या प्रवाहावरून नव्याने ठरवायची, आणि सोबत चढण्याच्या वेगावर दुसरी अट. शिवाय काम नसताना नियंत्रक उबदार ठेवून पूर्ण बंद करायचा. वीज नसताना आणि ऊब असताना साठलेलं नुकसान काही प्रमाणात भरून येतं. आमच्या चिपमध्ये गळती खरोखरच थोडी उतरली. बांधतानाच मर्यादा आकाशातून बदलता येईल अशी ठेवली होती म्हणून हे जमलं. रोधक डकवून पक्की केलेली मर्यादा असती तर कॅमेरा गेला असता.

१४ ऑक्टोबर २०२४

१० तारखेचं वादळ. मेपेक्षा लहान, तरी जबर. ठरवलेला क्रम पाळला, एकही संपर्क चुकला नाही.

७ जुलै २०२५

रेडिएटर गरम राहतोय. जून २०२३, जून २०२४, जून २०२५ असे तीन जून शेजारी ठेवले. तुलना त्याच महिन्याशीच करायची, कारण जानेवारीतलं ऊन जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के कडक असतं आणि तेवढ्याने सगळा निष्कर्ष फिरतो.

पण कक्षाही तीच राहिलेली नाही. आपण वीसेक किलोमीटर खाली आलोय. एवढ्या फरकाने कक्षेचं प्रतल सूर्यापेक्षा एक टक्का जलद वळतं, म्हणजे साडेदहाची वेळ वर्षाला पंधरा मिनिटांच्या वेगाने दुपारकडे सरकते. ऊन पडायचा कोन बदलतो, सावलीचा काळ किंचित वाढतो. मग गरम व्हायला कारण कोणतं : रंग, कक्षा की आणखी काही?

चकत्या याचसाठी होत्या. नुसता रंग बिघडला असता तर रंगाची चकती तापली असती आणि आरसा गार राहिला असता. फक्त कक्षा बदलली असती तर दोघींचं तापमान मॉडेलने काढलेल्या नव्या कोनाच्या आकड्याशी जुळलं असतं. प्रत्यक्षात दोघीही मॉडेलपेक्षा गरम आहेत, आणि जवळपास सारख्याच. म्हणजे दोघींवर बाहेरून काहीतरी बसलंय. सगळे आराखडे टेबलावर पसरले. चकत्यांच्या आणि रेडिएटरच्या शेजारीच इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीची भोकं आहेत, ऑक्सिजन आत शिरू नये म्हणून मागे नेलेली. पेटी दोन वर्षं हळूहळू वाफ सोडतेय, ती रेडिएटरवर बसतेय आणि उन्हाने पक्की होतेय. मागच्या बाजूला ती खरवडायला ऑक्सिजन नाही.

१८ ऑगस्ट २०२५

प्रस्ताव : उपग्रह उभ्या अक्षाभोवती अर्धा फिरवायचा, म्हणजे रेडिएटर पुढे येईल आणि ऑक्सिजनच थर खाईल. वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, अवरोध वाढत नाही. सौरचक्र अजून वर आहे, ऑक्सिजन भरपूर आहे. दोन वर्षांनी एवढा नसेल.

मुख्य धोका एक, पण मोठा. थर हायड्रोकार्बनचा असेल तर ऑक्सिजन त्याला वायू करून उडवतो. सिलिकोनचा असेल तर त्याची सिलिका होते आणि खालचा तपकिरी थर काचेखाली कायमचा बंद होतो. भाजणीच्या वेळची यादी काढली. पेटीत दोन्ही आहेत : बोर्डांवरचा पॉलियुरेथेनचा लेप, आणि एका चिपखाली उष्णता वाहण्यासाठी ठेवलेली सिलिकोनची गादी. गादी कमी वाफ सोडणाऱ्या जातीची आहे आणि भाजणीत तिचं वजन जवळपास घटलं नव्हतं. लेपाचं क्षेत्रफळ तिच्या कितीतरी पट आहे. त्यावरून थर मुख्यतः हायड्रोकार्बनचा असावा, असं आम्ही धरलं.

उलट्या स्थितीत स्टार ट्रॅकर (ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा कॅमेरा) उन्हाच्या बाजूला येतो, म्हणून त्या काळात दिशा फक्त सूर्यसंवेदक, मॅग्नेटोमीटर आणि जायरोवर. कॅमेरा बंद. थोड्या थोड्या काळासाठी फिरवायचं, परत सरळ करून आरशाची चकती वाचायची, मग पुढचा निर्णय.

६ ऑक्टोबर २०२५

आरसा उतरला. पहिल्या काही खेपांत तापमान भराभर खाली आलं, नंतर उतरणं मंदावलं, आता थांबलंय. रंगाची चकती थोडी मागे आहे. खडबडीत रंगाच्या खळग्यांत थर जास्त अडकत असावा. दोघीही जून २०२३ च्या पातळीला पोचलेल्या नाहीत. जे उरलंय ते बहुधा गादीतून आलेलं सिलिकोन, आता सिलिका होऊन बसलेलं. ते जाणार नाही.

मिळालेल्या फरकात बॅटरीचं तापमान पुन्हा मर्यादेच्या आत राहतं आणि त्यापायी कमी केलेला कॅमेऱ्याचा रोजचा वेळ पूर्ववत करता येतो. खर्च झाला तो छायाचित्रांचा. जवळपास दीड महिन्यातली बहुतेक छायाचित्रं घेता आली नाहीत, वापरकर्त्यांना तसं आधीच कळवलं होतं. पेटीची वाफ कमी होत जाईल, पण थांबणार नाही, त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा आहे तोवर दर तिमाहीला एक छोटी खेप वेळापत्रकात घातली आहे.

पुढच्या उपग्रहाच्या आराखड्यात भोकं पुढेही नाहीत आणि मागेही नाहीत. सावलीतल्या बाजूला, वाकड्या नळीतून, रेडिएटर आणि स्टार ट्रॅकर दोन्ही दिसणार नाहीत अशा दिशेने. सिलिकोनच्या गादीऐवजी इंडियमची पातळ चकती. दोन थर्मिस्टर चकत्या पहिल्या दिवसापासून वजनाच्या यादीत आहेत.